रुमालाखालची बोटं

आमच्या जनावरांच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. हे मला थोरल्या भावानं शिकवलं. बाप लवकर गेला. शिरूर-दौंडच्या बाजारांत आम्ही दोघांनीच जम बसवला.

एकदा कवठे येमाईचा एक शेतकरी म्हैस बघत होता. दादानं रुमालाखाली त्याचा हात धरला आणि तो शेतकरी हसायलाच लागला. "आप्पा, म्हशीचा भाव सांगा, शेळीचा नगं."

मी भडकलो. "दादा, झोपलाव व्हय?"

तो आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. "मी बरुबर दाबली की रं."

त्याच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे उपचार आदल्याच वर्षी संपले होते. हात दाखवायला दौंडला गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरला ते मी स्वतः सांगितलं. त्यानं मानेची शीर दबलीय म्हणून पट्टा दिला. उन्हाळाभर दादा तो पट्टा घालून बाजारात बसला. हातातून जनावराची दोरी सुटायला लागली, तेव्हा त्याला पुण्याला नेलं. एमआरआयमध्ये मेंदूत गाठी दिसल्या. छातीतलाच आजार वर गेला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्वी सगळ्या डोक्याला किरण द्यायचो, आता मुखवट्यानं डोकं स्थिर धरून नेमके गाठींवर देतो. गाठीचा प्रकार तपासून, मेंदूपर्यंत पोचणारी गोळीही त्यांनी सुरू केली.

"बरा व्हईल का?"

"आटोक्यात राहील."

"किती वर्षं?"

त्यांनी आकडा दिला नाही. मी जन्मभर घासाघीस केलेला माणूस, पण त्यापुढं मला काही वाढवून मागता आलं नाही.

गाठी आक्रसल्या. दादाचं बोलणं, चालणं टिकलं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. हात हलवणारी मेंदूतली जागा गाठीनं फार दिवस दाबली होती.

मी दौंडला जाऊन तो पट्टा डॉक्टरच्या टेबलावर आपटला. तो म्हणाला, "आमच्याकडं तसली मशिनं नाहीत." पुढं पाठवायला कुठं मशीन लागतं? त्या गल्लीतून जाताना अजून माझं डोकं तापतं.

परवा ओट्यावर दादानं मांडीवर रुमाल टाकला आणि डावा हात खाली घातला. "ये. तोंडानं नगं सांगू. डॉक्टरीण किती म्हणली?"

माझ्याजवळ आकडा नव्हता, आणि रुमालाखाली खोटा आकडा मी कधी दिलेला नाही. मी त्याचा हात नुसता धरून बसलो. मग त्यानं रुमाल ओढून झटकला आणि खांद्यावर टाकला. सौदा फिसकटला की आम्ही टाकतो, तसा.