बापाच्या हातचं मेण

घोडपदेवला आमच्या शेजारच्या खोलीत कुशाबा घडशी आणि त्याचा धाकटा भाऊ दत्तू राहायचे. पोटासाठी कुशाबा परळच्या गिरणीत जाई, पण कुणी धंदा विचारला तर सांगे, ‘सनई वाजवतो’. माणूस गुणी, पण हट्टी. सनई बापाची. बापाने भोकांच्या कडांना मेण लावून तिचा सूर बसवलेला, आणि त्या मेणाला कुशाबाने कधी नख लावलं नव्हतं. दर सोमवारी गिरणीआधी दोघे जवळच्या देवळात वाजवायला बसत, तेव्हा दत्तू मागे दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायचा. त्या सनईचं मेणही बापाच्याच हातचं.

अठराशे चौऱ्याण्णव सालच्या लगीनसराईत माझगावच्या धर्मा कोळ्याच्या मुलीचं लग्न निघालं. कोळीवाड्यात तेव्हा बेंडबाजाचं खूळ शिरलं होतं. धर्माने खोताच्या वाडीतल्या पास्कू मास्तरचा पंधरा जणांचा बाजा ठरवला. धर्माची आई शेवंताबाई मात्र अडून बसली, "कुशाबाची सनई नाय, तर मी वरातीत नाय." शेवटी ठरलं की कुशाबाने पुढे एकट्याने सनई वाजवायची आणि बाजाने मागून साथ करायची. दत्तूचं काम नव्हतं.

आठ दिवस आधी वाडीत तालीम झाली. सनईचा सूर बाजाहून खाली. ऐकवेना. पास्कू मास्तरने नुसती मान हलवली. कुशाबाही काही बोलला नाही, विचारण्यात कमीपणा ना! पितळ ते पितळ, ते काय नमणार, असं त्याने मनाशी धरलं. आणि आपणही नमलो नाही, तर उद्या कोळीवाडे बाजावरच भागवतील.

घरी येऊन सूर चढवायला त्याने सनईच्या तोंडाची पत्ती आखूड केली आणि सुरीने भोकांचं मेण खरवडायला घेतलं.

"दादा, बापाशीन बसवलेलो सूर तो," दत्तू म्हणाला.

"गप ऱ्हव," कुशाबा म्हणाला. खरवडून झाल्यावर त्याने डोळे पुसले. मी दारातच होतो.

वरातीच्या दिवशी पास्कूने खूण केली. कुशाबाने फुंकर घातली, आणि पुन्हा बेसूर! आता सनई वर, बाजा खाली.

"अरे, तुझ्यासाठी आमी सगल्यांनी नळ्या बाहेर ओढल्या!" पास्कू म्हणाला. "तुझा सूर खाली व्हता ना?"

पितळी वाद्यांच्या नळ्या सरकतात, ओढल्या की सूर उतरतो, हे कुशाबाला कुणी सांगितलंच नव्हतं. बाजावाल्यांनी नळ्या पुन्हा आत ढकलल्या. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं.

त्यानंतर कुशाबा जो वाजवत सुटला, त्याला तोड नव्हती. सत्तरीची शेवंताबाई भर रस्त्यात नाचली. धर्माने त्याला फेटा बांधला आणि पास्कूने पुढच्या दोन लग्नांचं आमंत्रण दिलं.

सोमवारी सकाळी दोघे भाऊ नेहमीसारखे देवळात बसले. दत्तूने सूर धरला. कुशाबाने सनई ओठांना लावून एक सूर काढला आणि लगेच खाली घेतली; त्याचा सूर आता दत्तूच्या वर जात होता. आठवडाभर त्याने नवी पत्ती बसवून पाहिली, ताजं मेण लावून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा लावलं. दोन्ही सनया काही जुळेनात. शेवटी त्याने आपली सनई फडक्यात गुंडाळली.

"तू वाजव," तो दत्तूला म्हणाला.

"मी? माका एकच सूर येता."

"बापाशीचो तेवढोच उरलो हा."

दत्तूने सूर धरला, आणि कुशाबा डोळे मिटून ऐकत बसला.