मी न बांधलेलं दावं

घनसावंगीकडच्या त्या घरात मी लग्न होऊन आले, तेव्हा माहेरची आठवण मला फारशी जाचली नाही. त्याचं कारण माझी थोरली जाऊ. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, एकमेकींच्या वेण्या घालायचो. सासूबाई काही लागट बोलल्या की ती डोळ्यांनीच मला सांगायची, मनावर घेऊ नको.

एका दुपारी घरची माणसं शेतावर गेल्ती. आमची गाभण गाय सुटून शेजारच्या ज्वारीत शिरली. जावेनं तिला ओढून आणलं आणि घाईघाईत दारातल्या लिंबाला लांब दाव्यानं बांधलं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, दारातून मला सगळं दिसत होतं. पुढं आम्ही दोघी कामाला लागलो. बाहेर आलो तेव्हा गाय झाडाभोवती फिरफिरून दाव्यात अडकली होती आणि गळ्याला फास बसून मेली होती. जाऊ धावत जाऊन फास सोडवू लागली. तिला दिवस गेले होते.

संध्याकाळी पोलीस पाटील आले. त्यांनी गाय पाहिली, दावं पाहिलं.

"सरकारच्या कायद्यात हा गुन्हा न्हाई," ते म्हणाले. "जनावर तुमचं, दावं तुमचं. वर कळवायचं काही काम न्हाई."

मला हायसं वाटलं. पण मग त्यांनी पायताण काढलं आणि ते घोंगडीवर जातीच्या पंचांत जाऊन बसले. तिथं त्यांचा आवाजच वेगळा झाला. जातीत, दाव्यात गाय मेली की बांधणाऱ्याला गोहत्येचं प्रायश्चित्त घ्यावं लागायचं.

"गाय कुणी बांधल्ती?"

"धाकटीनं," जाऊ म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. "मी न्हाई. मी भाकरी करत होते. बाई, तुम्ही सांगा की."

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. माझ्या नवऱ्याला मी आधीच सगळं सांगितलं होतं. तो पंचांना म्हणाला, "पोर हाय. चुकली असंल. पदरात घ्या."

सासूबाईंनी मला आत नेलं. "ती दोन जीवांची. तिला गळ्यात दावं घालून गावोगाव फिरवू का? तू कबूल हो, मंग मिटतंय."

"आत्याबाई, मी काहीच केलं न्हाई."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

त्यांचा गैरसमज असता तर मी तो सोसला असता. पण घरात सगळ्यांनाच ठावं होतं.

मी कबूल झाले. गळ्यात तेच दावं घालून, तोंडातून शब्द न काढता, आसपासच्या गावांत भीक मागितली. बाया भाकरीचा तुकडा लांबूनच टाकायच्या. शेवटी गोदावरीत आंघोळ करून परत आले. पंच म्हणाले, सुटलीस. पण चालता चालता माझ्या मनात काहीबाही शिरलं होतं. मी पाहत होते, मग लांब दावं आखडून बांधा असं का म्हणाले नाही? पुढं कितीतरी वर्षं जनावर बांधलं की मी पुन्हा पुन्हा माघारी जाऊन गाठ चाचपायचे.

जावेला मुलगी झाली. तिनं ती आधी माझ्याच मांडीवर दिली. पोरीचा मला लळा लागला. पण जाऊ त्या दुपारबद्दल कधी बोलली नाही. ती एक दिवस बोलेल, निदान एकांतात बोलेल, म्हणून मी वाट पाहत होते.

पुढं वाटण्या झाल्या, थोरले दीर आणि जाऊ मंठ्याला राहायला गेले. त्या मुलीच्या लग्नाला मी गेले तेव्हा जावेनं मला विहीणबाईंसमोर नेलं.

"ही माझी धाकटी जाऊ," ती मायेनं म्हणाली. "पोरवयात हिच्या हातून गाय गेल्ती. लई सोसलं बिचारीनं. मीच सांभाळलं तिला तवा."

मी तिचे डोळे निरखून पाहिले. त्यांत लपवाछपवी नव्हती. ती जे सांगत होती ते आता तिला खरंच वाटत होतं. विहीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या हळहळल्या.

मांडवात शुभकार्य होतं. अक्षता टाकल्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जेवायला न थांबता निघाले. त्यानंतर मी जावेच्या दारात पाऊल टाकलं नाही. का, ते तिनं विचारलंही नाही.