केगावकरीण कुठल्या मजल्यावर राहते?

नवी मुंबईत, उलव्याच्या सेक्टरात राहून भातशेती करणारी बाई कुणी पाहिली नसेल, तर त्याने सकाळी सहा वाजता सोनाबाई म्हात्रेच्या बिल्डिंगखाली उभं राहावं. चौथ्या मजल्यावरून लिफ्ट येते, दार उघडतं आणि आतून सोनाबाई बाहेर पडते. डोक्यावर टोपली, टोपलीत विळा, विळ्याशेजारी फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. लिफ्टमध्ये एखादा ऑफिसला निघालेला तरुण असला, तर तो विळ्याकडे बघत आरशाला पाठ लावून उभा राहतो. "घाबरू नको रं बाला, भाताचा हाय," असं ती त्याला रोज सांगते आणि तो रोज घाबरतो.

तिचं सासर चिंचखार. ते गाव आठ वर्षांपूर्वी विमानतळाच्या जागेत गेलं. गाव उठलं तेव्हा कुणी गाडी घेतली, कुणी गाळा घेतला, एकाने घरात गोल जिना करून घेतला आणि आता गुडघे दुखतात म्हणून तो खालीच झोपतो. सोनाबाईने मात्र नवऱ्यामागे, काशिरामामागे, असा धोशा लावला की नेरे गावाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी वीस गुंठे भातजमीन घेतली, तेव्हाच त्या माणसाला घरात दोन घास सुखाने खाता आले. तेव्हापासून ती एसटी बदलत बदलत शेतावर जाते. लोक हसतात. ती हसू देते, कारण नवा तांदूळ मागायला तेच लोक येतात.

यंदा ऑक्टोबर लागला तसं लवकर येणारं हळवं भात पिकून वाकलं. कृषी सहायक अंकिता बांधावर आली आणि म्हणाली, "मावशी, पंधरा तारखेला महिला शेतकरी दिन आहे. या वेळी हॉल नको, भाषणं नकोत. तुमच्या शेतावरच करू. तुमच्या जुन्या गावच्या बायका बोलवा, सगळ्या मिळून कापणी करा. मी प्रत्येकीला प्रमाणपत्र देते. फक्त नावं पाठवा, आधार कार्डावर आहेत तशी."

"त्यात काय मोठं," सोनाबाई म्हणाली आणि गळ्यात धोंड अडकवून घेऊन घरी आली.

चिंचखारला आवणी, म्हणजे भाताची लावणी, असो की कापणी, अकरा जणींची एक रांग असायची. आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, हाताला हात. रांगेतली जागा ठरलेली, देवळातल्या घंटेसारखी पक्की. कुणी बाळंत असली तरी तिची जागा मोकळी ठेवून बाकीच्या उभ्या राहायच्या. तीस वर्षं ही रांग वाकली आणि उठली. मग गाव उठलं, आणि रांग उलवे, कामोठे, पनवेल अशी जिकडेतिकडे सांडली.

संध्याकाळी नात अनुष्का मोबाइल घेऊन बसली. "सांग आजी नावं."

"लिही. जासईकरीण. चिरनेरकरीण. दिघोडकरीण. गव्हाणकरीण."

"आजी, ही गावांची नावं आहेत."

"मंग? त्या त्याच गावांच्या हायत."

चूक सोनाबाईची नव्हती. चिंचखारला नवी सून आली की तिला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारायची, आणि ती हाक मरेपर्यंत टिकायची. स्वतः सोनाबाई वहाळची, म्हणून ती वहाळकरीण. अकरा जणींत स्वतःच्या नावाची एकटी साबिरा. तिचं लग्न चुलतभावाशी झालेलं, माहेर आणि सासर एकाच आळीत, तेव्हा बिचारीला लावायला गावच उरलं नाही.

अनुष्काने कपाळाला हात लावला. "तीस वर्षं जिच्याशेजारी वाकून उभी राहिलीस, तिचं नाव तुला माहीत नाही?"

"कापणी चालली असताना नाव इचारीत बसतात काय?" सोनाबाई फणकारली. पण रात्रीचं जेवण तिला नेहमीसारखं गोड लागलं नाही.

मग तिला युक्ती सुचली. अकराही जणींचा पत्ता कुणा एकीला ठाऊक नव्हता, पण प्रत्येकीला आपल्या उजव्या हाताची बाई कुठे आहे ते नक्की ठाऊक असणार. ज्या दोघी तीस वर्षं कोपराला कोपर लावून राबल्या, त्या गाव उठलं म्हणून तुटतील होय? रांगेच्या डाव्या टोकाला जासईकरीण. ती उलव्यातच दोन गल्ल्या सोडून राहायची. सोनाबाईने तिला गाठलं आणि विचारलं, "तुज्या उजव्या हाताची कुठं हाय गो?" तिने चिरनेरकरणीचा नंबर दिला, चिरनेरकरणीने दिघोडकरणीचा. साखळी अशी सरसर पुढे निघाली की अनुष्काला लिहिता पुरेना. प्रत्येक फोनवर आधी किंकाळी, मग रडं, मग "विळा आनायचा का तू देशील?" तीन दिवसांत नऊ जणी झाल्या. खरी नावंही कळली. जासईकरीण ही वेणू निघाली आणि दिघोडकरीण चक्क रत्नप्रभा. हे ऐकून सोनाबाई इतकी हसली की ठसका लागला. "रत्नप्रभा! आनि आमी तिला गुडघाभर चिखलात उभी केली!"

नववीने, म्हणजे गव्हाणकरणीने, फोनवर सांगितलं, "माज्या उजव्या हाताची तूच की गो."

सोनाबाईचं हसू तिथे थांबलं. साखळी तिच्यापाशी आली होती. तिच्या उजव्या हाताला केगावकरीण, रांगेचं शेवटचं टोक. तिच्या पलीकडे नुसता बांध. म्हणजे केगावकरणीचा पत्ता ठाऊक असायचा तर तो एकट्या सोनाबाईला, आणि सोनाबाईला तो ठाऊक नव्हता. जुना मोबाइल आवणीच्या पाण्यात पडून गेला, त्याबरोबर नंबर गेला. मग आज विचारू, उद्या विचारू करता करता वर्षं निघून गेली. सगळ्यांनी आपापली जपली, आणि हिनेच हात सोडला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

त्यात केगावकरीण म्हणजे कोण? मुलगा हरेश दीड महिन्याचा असताना सोनाबाई कापणीला उभी राहिली होती. पोर चिंचेखाली झोळीत, आणि हिची कंबर सरळ होत नव्हती. केगावकरणीने विचारलं नाही की सांगितलं नाही. आपल्या दोन मुठी कापायची आणि तिसरी मूठ सोनाबाईच्या वाट्यातली कापून तिच्या पायाशी ठेवायची. सबंध हंगामभर. पुढे कधी भांडणातसुद्धा तिने ते बोलून दाखवलं नाही.

"तिच्याबिगर मी विळा लावणार नाय," सोनाबाईने घरात जाहीर केलं.

"अगं, भात पिकलंय, दाणे गळतील," काशिराम म्हणाला.

"गळू दे."

काशिरामाने पेपर तोंडासमोर धरला. संसाराच्या इतक्या वर्षांत त्याला एवढं समजलं होतं.

चौदा तारखेला दुपारी सोनाबाई अनुष्काला घेऊन पनवेलच्या बाजारात साबिराच्या मसाल्याच्या दुकानात गेली. फोनवर ती आधीच बोलली होती, पण समोर बसून आठवलं तर काही निघेल अशी आशा. आणि निघालं!

"या अल्ला, वहाळकरणी, केगावकरीण ना? दोन महिन्यांखाली आली होती मसाला न्यायला! कामोठ्यात राहते म्हणाली. समोर बगीचा आणि गच्चीवर निळ्या टाक्या. फोनवर दिमागातून साफ निघून गेलं बघ."

"नंबर घेतलास?"

"गिऱ्हाइकं खोळंबली होती गो," साबिरा ओशाळून म्हणाली.

कामोठ्यात निळ्या टाक्या पाहत रिक्षा फिरली. दोन बगीचे चुकले. तिसऱ्या बगीच्यासमोर मोठं फाटक, फाटकाशी पन्नाशीतला वॉचमन, हातात मोबाइल.

"कुणाकडं जायचंय मावशी?"

"केगावकरीण हाय ना, तिच्याकडं."

"फ्लॅट नंबर?"

"तेच तर तुमाला इचारते. केगावकरीण कंच्या मजल्यावर ऱ्हाते?"

वॉचमनने मोबाइलवर बोट फिरवलं. "असं नाव नाही. आडनाव सांगा."

"म्हात्रे."

"इथं चौदा म्हात्रे हायेत."

"तिच्या पोराचं नाव बाळ्या."

"बाळ्या नावाचा मालक असतोय का मावशी?" वॉचमनला हसू आवरेना. तरी माणूस भला. त्याने एकेक म्हात्रे फोनवर घेऊन विचारायला सुरुवात केली. पाच घरं बंद होती. बाकी नऊ घरांत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सहाशे तीनमधल्या सुनेने तर जरा रागानेच सांगितलं, "काय करीण? अशी कुणी बाई आमच्याकडे नाही."

अनुष्काचा चेहरा पडला. सोनाबाई फाटकाच्या कट्ट्यावर बसली आणि बिल्डिंगकडे बघू लागली. बारा मजले, शेकडो खिडक्या, सगळ्या सारख्या. चिंचखारला नुसतं धुरावरून कळायचं कुणाच्या चुलीवर काय शिजतंय.

"कुठून आलाव तुमी?" तिने सहज विचारलं.

"लातूरकडचा मी. औशाजवळचा." वॉचमन जरा थांबला. "आमच्या आईलाबी गावात किल्लारीवाली म्हणत्यात. खरं नाव मला शाळेच्या दाखल्यावर कळलं बघा."

सोनाबाई झटकन उभी राहिली. "मंग तुमी समजून घ्याल. मी एक हाक मारू काय?"

वॉचमनने इकडेतिकडे पाहिलं. दुपारचे चार, बागेत बाबागाड्या, बाकावर पेन्शनर. सोसायटीत आरडाओरडा करायला मनाई असल्याची पाटी तर त्याच्या डोक्यावरच होती. "मारा," तो म्हणाला. "मी तिकडं नळ बंद आहे का बघून येतो."

रांग बांधाला पोचली की सोनाबाई कंबर सरळ करून एक हाक घालायची आणि बाकीच्या ती झेलायच्या. ती हाक तिने आठ वर्षांत घातली नव्हती. तिने पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छाती भरून ओरडली, "हूऽऽय गोऽऽऽ!"

बाबागाड्या थांबल्या. कबुतरं उडाली. पेन्शनरांपैकी एकाचा चष्मा मांडीवर पडला. अनुष्काला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हूऽऽय गोऽऽऽ!"

सहाव्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी हलल्या. त्यांच्यामधून एक पिकलेलं डोकं आणि बोंबलाने माखलेला एक हात ग्रिलबाहेर आला.

"आयलू गोऽऽऽ!"

मग लिफ्टची वाट कोण बघतो! पायात चप्पल नाही, हात धुतलेले नाहीत, केगावकरीण सहा मजले जिन्याने उतरून आली, मागून घाबरलेली सून. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सोनाबाईच्या नव्या लुगड्याला बोंबलाचा वास लागला आणि तिने तो आनंदाने लावून घेतला. गाव उठल्यानंतर घरात आलेली ती सून वॉचमनला म्हणत होती, "अहो, मला काय माहीत, मम्मींना केगावकरीण म्हणतात!"

"एंट्री करायला लागते," वॉचमन डोळे पुसत म्हणाला. "सहाशे तीन. आजी, तुमचं नाव?"

"आशालता."

सोनाबाईने मान वर केली. तीस वर्षं ऊन, चिखल, भाकरी, भांडण, सगळं वाटून घेतलेल्या बाईचं नाव तिने पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही फाटकावर, दुसऱ्याने विचारलं तेव्हा. "आशालता," तिने हळूच म्हणून पाहिलं. छान होतं नाव. तिला रडू आलं आणि ती त्याच दमात हसलीही.

"हसतेस काय? तुजं सांग."

"सोनाबाई."

"तरीच एवढा तोरा!"

दुसऱ्या दिवशी नेऱ्याच्या शेतावर अकरा बायका जमल्या. साबिराने सगळ्यांसाठी शिरखुर्मा आणला, ईद नसताना. काशिरामाने चहाचं पातेलं सांभाळलं आणि मधे बोलायचं नाही हेही सांभाळलं. हात मातीचे व्हायच्या आत प्रमाणपत्रं देऊन टाकू म्हणून अंकिता नावं वाचू लागली. नाव घेतलं की सगळ्या जोरात टाळ्या वाजवायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या, ही कोण म्हणून. "आशालता हरिश्चंद्र म्हात्रे" म्हटल्यावर टाळ्यांत सगळ्यांत पुढे होती केगावकरीण. सोनाबाईने तिला कोपर मारलं, तेव्हा कुठे ती उठली. शेवटी अंकिताने कागद बाजूला ठेवला आणि अनुष्काची पहिली यादी मागून घेतली. "चिरनेरकरीण!" म्हणताच चिरनेरकरीण ताडकन उभी राहिली, आणि पुढची प्रमाणपत्रं दोन मिनिटांत वाटून झाली.

मग रांग लागली. कुणी कुणाला जागा सांगितली नाही. डावीकडून जासईकरीण, उजव्या टोकाला केगावकरीण, तिच्या डाव्या हाताला सोनाबाई. गुडघे कुरकुरले, विळे मात्र नाही. भात पायाशी सळसळत पडू लागलं. सोनाबाईला वाटलं, इतक्या वर्षांचं देणं आज फेडावं, नावाने हाक मारावी.

"आशालता, सरक गो जरा."

केगावकरीण कंबर सरळ करून उभी राहिली.

"ए वहाळकरणी, आशालता मना बँकेत बोलतात. घरात मम्मी, बागेत आंटी. केगावची म्हनून हाक मारनारं आठ वर्सांत कोनी नव्हतं. काल तुजी हाक ऐकली नि मना माजं गाव आठवलं. तू तरी तेच बोल गो."

सोनाबाईला दिसेनासं झालं. तिने मनगटाने डोळे पुसले. "बरं. केगावकरणी, सरक."

केगावकरीण सरकली नाहीच. ती वाकली, आपल्या दोन मुठी कापल्या, आणि तिसरी मूठ सोनाबाईच्या वाट्यातली कापून तिच्या पायाशी ठेवली.