सही दादांनी केली

"बाई, तुमची पिशवी काढलेली आहे. पाळी आता यायची नाही, आणि मूलही होणार नाही." लालबागच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा जुना इंग्रजी कागद वाचून हे सांगितलं, तेव्हा ऑपरेशनला आठ महिने झाले होते. मी विचारायला गेले होते, की दिवस कधी राहतील.

त्यांनी मला बसवून समजावलं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयात वाढलेली मांसाची गाठ. हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशयच काढून टाकणं. मला कळलं होतं ते एवढंच, की गाठ काढली. पाळी येत नाही ती अशक्तपणामुळे, बाकी सगळं जागच्या जागी असणार, असं मी धरून चालले होते. दुसरं काय धरणार!

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आमचे हे तुरुंगात गेले आणि त्यानंतर महिन्याभरात माझ्या अंगावरून जायला लागलं. थांबेचना. थोरले दीर, दादा, गिरणीत खाडा करून मला परळला इस्पितळात घेऊन गेले. तीन दिवस तपासण्या झाल्या. चौथ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "घरचा पुरुष कोण आहे?" दादांना व्हरांड्यात नेलं. मी दहा पावलांवर खाटेवर जागी होते. मला चांगली सही करता येत होती.

आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी बोलत नाही. पाणी हवं असलं तरी जाऊबाईंमार्फत. त्या तेव्हा भाताच्या लावणीला गावी गेलेल्या, म्हणजे निरोप पोचवणारंच कुणी नव्हतं. त्या परत आल्यावरही असला बायकी विषय दादांच्या तोंडातून निघाला नाही.

दवाखान्यातून आले त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले. "दादा, पिशवी काढतले ता तुमका ठावक होता?"

दादा खाली बघत म्हणाले, "डॉक्टर म्हणालो, काढूक नाय तर बाई जगाची नाय." मग दाराकडे वळत, "तुका मी कसा सांगू? तुज्याशी कधी बोललंय काय?"

त्यांच्यावर फार दिवस राग राहिला नाही. त्यांच्यामुळे मी जिवंत आहे. राग डॉक्टरांचा आहे. ते दहा पावलं चालून आले नाहीत.

आता कायद्यानेच डॉक्टरांना सज्ञान, शुद्धीतल्या रुग्णाला सगळं सांगावं लागतं: काय करणार, काय काढणार, दुसरा उपाय आहे का. आणि संमती त्याचीच घ्यावी लागते. पण बायांनो, कायदा तुमच्या खाटेशी येऊन उभा राहत नाही. तुम्हीच तोंड उघडून विचारा.

मला विचारलं असतं तर मी होच म्हटलं असतं. जगायचं होतं मला. फक्त आधी रडून घेतलं असतं आणि ह्यांना कळवलं असतं. ऑपरेशननंतर सहा महिने हे आतच होते. दर महिन्याला पत्र यायचं आणि प्रत्येक पत्रात ह्यांनी पुढे कधीतरी होणाऱ्या मुलीसाठी एक नवं नाव सुचवलेलं असायचं. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं, हे नाव मागच्यापेक्षा छान आहे.