सेटर नागोराव आणि दोन किलोमीटर धुकं

नागोराव ढगे यांनी पेंटरला मजकूर दिला होता तो असा : कॉम्प्युटर गेमचं सेटिंग करून मिळेल. मंडईमागच्या बोळातलं दुकान पाच फूट रुंद. पेंटरने पहिले दोन शब्द बारीक काढले आणि उरलेले ठळक. बोळातून जाणाऱ्याला ठळक तेवढंच दिसे.

पहिल्याच आठवड्यात सफारीतला एक गृहस्थ आत वाकला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "इंजिनिअरिंगचं होईल का?"

"कोणता गेम आहे?"

"मेकॅनिकल मिळालं तर बरं. नाहीतर कोणताही."

नागोरावांना समजायला थोडा वेळ लागला. त्याच्यानंतर बदली रद्द करून हवी असलेल्या एक बाई आल्या. मग एक तरुण आला. त्याचं प्रकरण समोरच्या क्लासमधल्या मुलीचं होतं. नागोरावांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

"पुसून टाका जी ते," त्यांच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या. "पार आपल्या वाघोलीपर्यंत बोभाटा झाला. लोक म्हणतात, ढगे दलाल झाला."

"सेटर होतो मी बावीस वर्षं. दुसरा शब्द कुठून आणू?"

पाटी राहिली.

नागोराव वाशीमकडचे. विशीत पुण्याला आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात दातेरी चाकं बनवणाऱ्या यंत्रांवर लागले. तिथे ऑपरेटर यंत्र चालवतो, पण त्याआधी कुणीतरी ते लावून द्यावं लागतं. हत्यार किती खोल उतरेल, किती वेगाने फिरेल, तेल कुठे पडेल. हे ठरवणारा तो सेटर. सेटर नग बनवत नाही, नग बनेल अशी परिस्थिती बनवतो. ती बनली की तो बाजूला होतो आणि चाकांवर त्याचं नाव कुठेच नसतं. नागोरावांना हे आवडायचं. आपण नसताना आपलं काम चालू असतं, यात त्यांना एक शांतता वाटे.

दोन हजार एक साली कारखान्यात नवी यंत्रं आली. त्यांचं सेटिंग एका फाइलमधून येई. नागोरावांना स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म मिळाला. त्यातली स्वेच्छा छापील होती.

वाघोलीच्या घरात मागची खोली त्यांनी अकोल्याकडच्या दोन विद्यार्थ्यांना दिली होती. त्यांच्याकडे जुळवलेला एक कॉम्प्युटर होता आणि मोटारींच्या शर्यतीचा एक गेम. वळणावर मोटार अडके, चित्र गोठे, मग एकदम भिंतीतच सापडे. विद्यार्थी सेटिंगच्या पानावर जाऊन सगळ्या पट्ट्या इकडच्या तिकडे करत, ओरडत, पुन्हा अडकत. रिकामे नागोराव दारात उभे राहून पाहत. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"एका वेळी पाच ठिकाणी हात घातला तर बिघाड कुठे होता ते कळणार कसं? एक फिरवा. मग चालवून बघा. मग दुसरं."

"काका, तुम्ही गेम खेळता?"

"नाही. तुम्ही खेळा. मी ऐकतो."

ते खरोखर ऐकत. आतला पंखा कधी घोगरा होतो, डिस्क कधी करकरते, यावरून यंत्र कुठे दमलं ते त्यांना समजे. पानावरचे इंग्रजी शब्द ते विद्यार्थ्यांना विचारत आणि शंभर पानी वहीत मराठीत लिहीत. शॅडो : सावली. फार खाते. टेक्श्चर : पोत. मेमरी असेल तरच. व्ह्यू डिस्टन्स : नजर कुठवर. रिझोल्यूशन : वीण. अँटी-एलायझिंग या शब्दावर विद्यार्थीही अडले. तिरक्या रेषांना पायऱ्या दिसतात त्या गुळगुळीत करायच्या, एवढं त्यांनी सांगितलं. कापलेल्या लोखंडाच्या कडेला बारीक कुसळं राहतात, त्यांना कारखान्यात बर म्हणतात. नागोरावांनी लिहिलं : बर काढणे.

त्या वहीतून पुढे दुकान झालं. लोक रिक्षातून कॉम्प्युटरचे डबे आणत आणि नागोराव नवा भाग विकण्याऐवजी एक सावली बंद करून डबा परत देत. दिसणाऱ्या गोष्टींत न दिसली तरी चालेल अशी गोष्ट कोणती, हे त्यांच्याइतकं अचूक ओळखणारा माणूस त्या बोळात तरी दुसरा नव्हता. कवितेतही एवढंच करायचं असतं. ते बहुतेकांना साधत नाही.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर दुकानात फोन आला.

"सेटिंगवाले तुम्हीच का?"

"हो जी. पण ॲडमिशन, बदली..."

"मला कसलीही भानगड करायची नाही. विमान उतरवायचंय."

फोन करणारे श्रीनिवास परचुरे, वय अडुसष्ट, मुक्काम शुक्रवार पेठ, तिसरा मजला. दुपारी नागोराव पोचले तेव्हा दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही.

"नाव काय म्हणालात?"

"ढगे."

"म्हणजे आमच्याच खात्यातले. बसा."

परचुरे वेधशाळेच्या नोकरीत होते. त्यातली अठ्ठावीस वर्षं लोहगावच्या विमानतळावर. दर तासाला कार्यालयाच्या गच्चीवर जायचं आणि किती लांबचं दिसतंय ते लिहायचं. त्यासाठी खुणा ठरलेल्या. पाण्याची टाकी आठशे मीटर, वीटभट्टीची चिमणी दोन किलोमीटर, तिच्यामागची टेकडी पाच. चिमणी दिसली आणि टेकडी दिसली नाही, तर दृश्यमानता दोन किलोमीटर. तो आकडा वैमानिकाला कळवला जाई आणि त्यावर तो उतरायचं की नाही ते ठरवी.

"हिवाळ्यात पहाटे धुकं असायचं. मी खालून लिहायचो, दोन. तो वर ऐकायचा, दोन. पण वरून ते दोनच असतं का? अठ्ठावीस वर्षांत मी विमानाच्या पुढच्या खुर्चीवर कधी बसलो नाही. मुलगा अमेरिकेतून आला तेव्हा हा गेम टाकून गेला. यात लोहगाव आहे, धावपट्टी आहे, धुकंसुद्धा हवं तितकं टाकता येतं. फक्त मशीन भिकार आहे. धावपट्टी दिसायला लागली की चित्र अडकतं, आणि अडकायचं थांबलं की धावपट्टी मागे गेलेली असते."

नागोरावांनी सेटिंगचं पान उघडलं. सगळ्या पट्ट्या शेवटपर्यंत उजवीकडे.

"हे तुम्ही केलं?"

"मग कमी कशाला ठेवायचं? रेशनवर मिळतंय का?"

चहा घेऊन आलेल्या मंदाकिनीबाई परचुरे नागोरावांना सोडायला जिन्यापर्यंत आल्या, तेव्हा हळूच म्हणाल्या, "अहो, मशीनचं निमित्त आहे. ह्यांच्या नजरेचा मधला भाग जातोय. डावा डोळा गेलाच, उजवाही जायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, मार्चपर्यंत धरा. घरात हा विषय काढायचा नाही. आम्ही दोघं मशीनलाच शिव्या देतो."



दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सुरू केलं. आधी सावल्या गेल्या. मग झाडं, मग ढग. प्रत्येक वेळी एकच, प्रत्येक वेळी चालवून. चौथ्या दिवशी विमान लोण्यातून जावं तसं जात होतं.

"हे काय?" परचुरे म्हणाले. "विमानतळ आहे की तलाठ्याचा नकाशा?"

"पण अडकत नाही."

"अडकायला त्यात काही ठेवलंयत कुठे तुम्ही!"

आणि तरीही विमान धावपट्टीच्या उजवीकडच्या गवतात गेलं. परत उडवलं, परत गवतात. परचुऱ्यांनी मशीनला शिवी दिली. या वेळी मंदाकिनीबाईंनी साथ दिली नाही.

नागोरावांनी आणखी तीन दिवस घालवले. रंग गडद केले, धावपट्टी उजळ केली. त्यांना स्वतःला ती स्वच्छ दिसत होती. विमान गवतातच जात होतं. आठव्या दुपारी ते पट्टी सरकवायला पुढे झाले आणि त्यांचा हात थांबला. आपण काय करतोय ते त्यांना एकदम कळलं आणि लाज वाटली. भोसरीत नवीन सेटरला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगत : पहिला नग सेटरने पास करायचा नाही. तो तपासनिसाकडे न्यायचा. आपण लावलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. आठ दिवस ते स्वतःच्या डोळ्यांनी सेटिंग करत होते आणि स्वतःच पास करत होते.

त्यांनी खुर्ची फिरवली. पडद्याकडे पाठ केली आणि परचुऱ्यांकडे तोंड.

"रुसलात का?" परचुरे म्हणाले.

"नाही जी. तुम्ही उडवा. मी तुम्हाला बघतो."

"मला काय बघायचंय? मला काही पट्ट्या नाहीत सरकवायला."

विमान खाली येऊ लागलं तशी परचुऱ्यांची मान हळूहळू उजवीकडे वळली. अगदी थोडी, आणि त्यांच्या नकळत. धावपट्टीकडे सरळ पाहिलं की ती नाहीशी होत असावी, म्हणून ते तिच्या बाजूला पाहत होते आणि ती नजरेच्या कडेला सापडत होती. पण हातही मानेच्या मागोमाग उजवीकडे जात आणि विमान तिरकं होई.

"साहेब," नागोराव म्हणाले, "मान वळवू नका. मी विमानाची मान वळवतो."

गेममध्ये वैमानिक कुठे पाहतोय ते बदलता येत होतं. नागोरावांनी नजर उजवीकडे नेली, एक अंश, चालवून पाहिलं, दोन अंश. प्रत्येक वेळी विचारलं, आता कुठे आहे? परचुरे सांगत गेले. चिडून, मग कमी चिडून. सात अंशांवर ते थांबा म्हणाले. धावपट्टी पडद्याच्या डाव्या बाजूला आली होती आणि त्यांची मान सरळ होती.

"आता धुकं टाका," ते म्हणाले. "पहाट. दोन किलोमीटर."

नागोराव घुटमळले. जे थोडं दिसतंय त्यावर धुकं कशाला? पण काम परचुऱ्यांचं होतं. त्यांनी पहाटे सहाची वेळ लावली आणि नजर कुठवर या पट्टीवर दोन आणले. आतला पंखा एकदम मऊ झाला. ते ऐकून नागोराव हसले. दोन किलोमीटरपलीकडचं काही काढायचंच नव्हतं. डोंगर नाही, शहर नाही. यंत्राकडे एवढी ताकद शिल्लक कधीच नव्हती. ती सगळी त्यांनी धावपट्टीवर लावली. दोन्ही बाजूंच्या दिव्यांची बर काढली, इतकी की प्रत्येक दिवा वेगळा दिसावा. बाकी जग तलाठ्याच्या नकाशातलंच राहिलं. धावपट्टीपर्यंतच्या अंतराचा आकडा त्यांनी मैलांवरून किलोमीटरवर आणला आणि मंदाकिनीबाईंना तो वाचायला सांगितलं.

मग पुन्हा पाठ फिरवून बसले.

"चार," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "साडेतीन. तीन."

परचुऱ्यांनी विमानाची दांडी घट्ट धरली होती. मान सरळ होती.

"अडीच. दोन."

"नाही," परचुरे म्हणाले. "अजून नाही."

"पावणेदोन. दीड."

"आली!"

त्यानंतर कुणी आकडे वाचले नाहीत. विमान एकदा आपटलं, उडालं, परत टेकलं आणि दिव्यांच्या दोन ओळींमध्ये बरंच लांब जाऊन थांबलं. नागोरावांनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांनी परचुऱ्यांचा चेहरा पाहिला. पुढे विचारलं तर ते एवढंच म्हणत, मोठी ऑर्डर पास झाल्यावर तपासनीस असाच बसायचा.

"दीड," परचुरे म्हणाले. "मी दोन सांगायचो आणि त्यांना दीड मिळायचं."

त्यांनी दांडीवरचा हात काढला.

"ढगे, हा अर्धा किलोमीटर तुमच्या यंत्राने खाल्ला का?"

हो म्हणणं सोपं होतं. गेली दोन वर्षं त्या घरात तेच उत्तर चालत आलं होतं. नागोराव म्हणाले, "मला सांगता येणार नाही, साहेब. मी पट्टी दोनवर लावली. पाहिलं तुम्ही. नग पास करणारे तुम्ही."

परचुऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग यात डोळ्याचा भाग किती, तो वजा करायला हवा," ते म्हणाले. "डोळा माझाही पूर्ण नाही आता."

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पदराने उगाचच पडद्याची काच पुसली.

"वजाबाकी कशी करणार?" नागोरावांनी विचारलं.

"दुसरा निरीक्षक बसवायचा. दोन डोळे धड असलेला. नियमच आहे तसा." परचुरे खुर्चीतून उठले. "मंदा, बस इथे."

"मला विमान येत नाही."

"तुला उडवायचं नाहीये. तू फक्त बघायचं आणि दिसलं की सांगायचं. ढगे, हिच्यासाठी मान सरळ करा. हिला सात अंश लागत नाहीत."

नागोरावांनी नजर मधोमध आणली, बाकी कशालाही हात लावला नाही आणि पिशवी उचलली. ते दारात चप्पल घालत होते तेव्हा परचुरे बायकोच्या खुर्चीमागे उभे राहून तिच्या डोक्यावरून दांडी चालवत होते आणि ती कुरकुरत होती.

"सगळं पांढरंच आहे. काही दिसत नाही."

"थांब. दिसेल. कितीवर दिसतं ते नीट सांग, उगाच माझ्यासाठी वाढवून सांगू नकोस."