मुरीची जात

माझं काम थंड समुद्रातल्या माशांचं. बर्फातून तुकडे येतात, मी त्यांची जनुकं तपासते. एकाच नावाने विकले जाणारे मासे कधी आतून दोन वेगळे निघतात. दिसायला तिळाचा फरक नाही, पण हजारो वर्षांत त्यांची आपसात सोयरीक झालेली नसते. लोक म्हणतात, मग बिघडलं काय? बिघडतं असं की एक संपत आला तरी दुसऱ्याकडे बघून सगळे म्हणतात, आहे की भरपूर.

तीच खोड घेऊन मी कडावला घरी आले. आमच्या ओढ्यात मुरी असते, बोटाएवढी, दगडाखाली लपणारी. तशीच डोंगरापलीकडे खालापूरच्या अंगाला. आमचं पाणी उल्हास नदीला मिळतं, तिकडचं पाताळगंगेला. तपासल्या, तर दोन्ही वेगळ्या. आणि आमची उरलेली एकाच डोहात, कारण वरती फार्महाऊसवाल्यांनी ओढा अडवलेला.

जेवताना बाबांना म्हटलं, "आपली मुरी वेगळ्या जातीची आहे."

त्यांनी घास खाली ठेवला. "आता मासळीतबी जाती काढल्यास?"

आमच्या घरात कुणाची जात विचारायची नाही, हा बाबांचा नियम. त्यापायी भावकीशी वैर घेतलेला माणूस. मी जातीऐवजी 'प्रजाती' म्हणून पाहिलं. "शबूद बदलून काय व्हतंय," म्हणाले. डोह आटला तर ती कायमची जाईल, हे सांगताना मला रडू आलं, तेही भरल्या ताटावर. ते मात्र त्यांना लागलं.

पुढच्या खेपेला आले तर बाबांनी मला थेट डोहावर नेलं. दगड उचलावा तिथे मुरी.

"खालापूरकडनं कळशा भरून आणल्या गं बाय. आता नाय संपायची तुझी मुरी."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, आपली मूठभर होती. ह्यांच्या गर्दीत तिचं नाव उरायचं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग काढू तिकडल्या. दाव, कंच्या त्या?"

मी पाण्यावर वाकले. कितीतरी वेळ बघत राहिले. एकही दाखवता आली नाही.

"बघ," ते हळूच म्हणाले, "तुलाबी वळखत नाय. नांदतील की एका पाण्यात."

आयुष्यभर ते हेच सांगत आले, आणि माणसांच्या बाबतीत एकदाही चुकले नाहीत.

आता गावात म्हणतात, हिच्या बापानं मुरी वाचवली. ते ऐकून बाबा माझ्याकडे बघून हसतात. मग मलाही हसावं लागतं.