एक घर सरकलेली कविता

ऑफिसात त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि शेजारच्या टेबलावरच्या त्यांच्या मैत्रिणीला छोट्या बाई. खरं तर छोट्या बाई त्यांच्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच होत्या, पण रुजू झाल्या त्या नंतर, आणि वकिलाच्या ऑफिसात माणसाची उंची रुजू झाल्याच्या तारखेवरून मोजतात. दोघींची उभी हयात दुसऱ्यांची वाक्यं टाइप करण्यात गेली. संगणक आले तेव्हा वकिलांनी जुनी मशीनं भंगारात काढली, ती या दोघी घरी घेऊन गेल्या. मोठ्या बाईंच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण कपाट सरकवून जागाही त्यानेच करून दिली.

पुढे वाचनालयाच्या ग्रंथपालाने कार्डं टाइप करायला दोघींना बोलावलं. एका कंटाळलेल्या वाचकाने गंमत म्हणून म्हटलं, "माझ्या छत्रीवर लिहा की काहीतरी." छोट्या बाईंनी खडखड चार ओळी काढून दिल्या. तो माणूस हसायचा थांबला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. तेव्हापासून दर रविवारी व्हरांड्यात दोन टेबलं लागू लागली. समोर बसेल त्याने शब्द द्यायचा, त्यावर कविता मिळायची.

रीत मात्र ऑफिसातलीच. टायपिस्टने कळांकडे बघायचं नाही, मूळ प्रतीकडे बघायचं. इथे मूळ प्रत म्हणजे समोरचा माणूस. त्याच्या तोंडाकडे बघत टाइप करायचं, खोडायचं नाही, उतरेल ते काढून हातात द्यायचं. पक्की प्रत, कार्बन कॉपी हे लाड बंद. मोठ्या बाईंच्या कवितांना नोटिशीचा वास यायचा, हे त्या स्वतःच सांगत. छोट्या बाईंचं तसं नव्हतं. त्यांच्यापुढे रांग लागायची, आणि मोठ्या बाईंना त्याचा थोडा राग आणि बराच अभिमान होता.

मग छोट्या बाईंना अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, डावा हात तेवढा बधिर राहिला. परत आल्या त्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं, "बोटांनी दगा दिला की मी मशीन झाकणार आणि लेकाकडे राहायला जाणार. लोकांपुढे हसं करून घ्यायला मी बसणार नाही."

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या रविवारी एक न्हावी आला. दुकान नुकतंच बंद केलेला, हात कुठे ठेवावेत ते न कळणारा. त्याने शब्द दिला, "किल्ली." छोट्या बाई त्याच्याकडे बघत टाइप करत राहिल्या, एकदाही अडखळल्या नाहीत. मोठ्या बाईंची नजर सहज कागदावर गेली आणि तिथेच अडकली. डाव्या हाताची सगळी अक्षरं एक घर सरकलेली. बधिर बोटांना कळलंच नव्हतं की आपण शेजारच्या कळांवर बसलोय. एकही शब्द धड नव्हता.

मोठ्या बाईंनी कागद ओढून घेतला. "आज मी वाचून दाखवते," म्हणाल्या. चाळीसेक वर्षं ज्या कळा बोटांत मुरल्या होत्या त्या आता डोळ्यांच्या कामी आल्या. डाव्या हाताचं प्रत्येक अक्षर मनात एक घर मागे ढकलत त्या वाचू लागल्या:

"दुकान गेलं, किल्ली राहिली.
सकाळी हात खिशात जातो.
ती विचारते, निघायचं का?
मी म्हणतो, नाही गं,
तू आहेस ना, एवढंच बघत होतो."

न्हाव्याने खिशावर हात ठेवला. मग म्हणाला, "ताई, कागद द्या ना."

"शाई फिकी उमटलीय. थांबा." मोठ्या बाईंनी आपल्या मशीनवर ती कविता टाइप करून दिली आणि मूळ कागद पर्समध्ये कोंबला.

तो गेल्यावर छोट्या बाई म्हणाल्या, "पक्की प्रत कधीपासून काढायला लागलो आपण?"

"म्हटलं ना, शाई फिकी होती."

"रिबन मी कालच बदललीय." त्यांनी हात पुढे केला नाही, कागद मागितला नाही. मशीनवर झाकण घातलं आणि घरी गेल्या.

आठवडाभर मोठ्या बाईंनी फोन केला नाही. लेकाकडे निघाले, असं ऐकावं लागेल याची त्यांना भीती वाटत होती. नवऱ्याने दोनदा विचारलं, दोनदा बोलणी खाल्ली. रविवारी त्यांनी टेबलं मात्र दोन लावली.

छोट्या बाई उशिरा आल्या. बसल्या, झाकण काढलं. रांगेतला पहिला माणूस समोर येऊन बसलेला होता. छोट्या बाईंनी डावा हात उचलून मैत्रिणीपुढे धरला.

"ठेव," म्हणाल्या. "सगळ्यांदेखत ठेव."

मोठ्या बाईंनी ती गार बोटं एकेक करून आपापल्या कळेवर बसवली. करंगळीला वेळ लागला.

"बसली?"

"बसली."

छोट्या बाईंनी समोरच्या माणसाकडे पाहिलं. "हं," म्हणाल्या, "शब्द द्या."